माशासाठी एक कॅप्सूल मागायला येणाऱ्यांसाठी

गोव्यात डिचोलीला आमचं मेडिकल स्टोअर आहे आणि घरी माशांचे टँक आहेत हे आता बाजारात सगळ्यांना माहीत झालंय, त्यामुळे दर थोड्या दिवसांनी कोणीतरी काउंटरवर येतं, आजूबाजूला बघतं आणि आवाज खाली आणून विचारतं, पात्रांव, टेट्रासायक्लिन आसा? एकच कॅप्सूल जाय, नुस्त्याक. म्हणजे अँटिबायोटिकची एक कॅप्सूल हवी, माशासाठी. आवाज खाली का आणतात देव जाणे. मी म्हणतो डॉक्टरची चिठ्ठी लागेल, मग त्याचं तोंड उतरतं आणि लगेच पुढचा प्रश्न, मग करू काय, मासा मरतोय. मागे चार गिऱ्हाईकं ताटकळत असताना हे सगळं सांगत बसणं होत नाही, म्हणून एकदाच इथे लिहून ठेवतोय. पुढच्या वेळी कोणी आला की लिंक पाठवून मोकळा.

चिठ्ठीचं आधी संपवतो. अँटिबायोटिकच्या स्ट्रिपवर लाल उभी रेघ असते ती शोभेसाठी नसते, डॉक्टरने लिहून दिल्याशिवाय विकायचं नाही असा तिचा अर्थ. माणसासाठी नाही आणि माशासाठीही नाही. पण समजा कुठून तरी मिळाली कॅप्सूल. तरी होणार काय ते बघू, गणित सोपं आहे. दोन फुटी टँक म्हणजे साधारण ६० बाय ३० बाय ३० सेंटीमीटर, गुणाकार करून हजाराने भागलं की ५४ लिटर. रेती, दगड आणि वरची मोकळी जागा सोडली तर पाणी ४५ लिटरच्या आसपास. त्यात २५० मिलिग्रॅमची एक कॅप्सूल फोडून टाकली की लिटरला साडेपाच मिलिग्रॅम पडलं. शोभेच्या माशांना ऑक्सिटेट्रासायक्लिनचा, म्हणजे त्याच कुळातल्या औषधाचा, बाथ देतात तेव्हा लिटरला २० पासून १०० मिलिग्रॅमपर्यंत देतात, तेही काही तासांसाठी, मग अर्ध्याहून जास्त पाणी बदलायचं आणि दुसऱ्या दिवशी परत, असं दहा दिवस. म्हणजे तुमची कॅप्सूल कमीत कमी डोसच्या पावपट आणि तीही एकदाच. यात रोगाचे जंतू मरत नाहीत, जे जरा चिवट असतात तेवढे निवडून मागे राहतात. आणि पाणी दुसऱ्या दिवशी पिवळं नि मग तपकिरी होतं कारण हे औषध उजेडात बिघडतं, त्यावर लोक म्हणतात बघ, औषध काम करतंय.

त्याहून मोठी गंमत म्हणजे दहापैकी बऱ्याच जणांच्या माशाला जो रोग असतो त्याच्यावर अँटिबायोटिक चालतच नाही. कारण तो बॅक्टेरियाचा रोगच नसतो.

सगळ्यात जास्त येते ती पांढऱ्या ठिपक्यांची तक्रार. अंगावर, कल्ल्यांवर, पंखांवर रव्याच्या दाण्याएवढे ठिपके, मासा दगडाला अंग घासतो. हा इच. इक्थिओफ्थिरियस मल्टिफिलिस असं लांबलचक नाव असलेला एकपेशीय परजीवी. कातडीच्या आत बसून तो वाढतो, मोठा झाला की सुटून तळाला पडतो, स्वतःभोवती कवच करतो आणि आत विभागून विभागून शेकडो पिल्लं काढतो, ती पाण्यात सुटतात आणि एकदोन दिवसांत मासा सापडला नाही तर मरतात. औषध लागू पडतं ते फक्त या पोहणाऱ्या पिल्लांना. कातडीच्या आत असलेल्याला नाही आणि कवचात असलेल्यालाही नाही. हे एवढं लक्षात ठेवलं तर इचचं निम्मं काम झालं, कारण लोक काय करतात, दोन दिवस औषध घालतात, ठिपके गेले की थांबतात, आणि पुढच्या आठवड्यात दुप्पट ठिपके. ठिपके गेले म्हणजे ते तळाला पडलेत. आपल्याकडच्या पाण्यात हे सगळं चक्र आठवड्याच्या आत फिरतं, म्हणून शेवटचा ठिपका दिसेनासा झाल्यावरही आठवडाभर उपचार चालू ठेवायचा आणि एक दिवसाआड तळाच्या रेतीतली घाण सायफनने ओढून काढायची.

मी हे माझ्या बहिणीच्या शाळेतल्या मायक्रोस्कोपखाली बघितलंय. ती विज्ञान शिकवते, सुट्टीत मायक्रोस्कोप घरी आणते, आणि मी तिच्या मागे लागलेलाच असतो. ओल्या हातात गप्पी किंवा गोल्डफिश धरायचा, कव्हरस्लिपच्या कडेने कल्ल्याच्या मागून शेपटीकडे अगदी हलक्या हाताने ओढायचं, कडेला जो बुळबुळीत चिकट पदार्थ येतो तो स्लाइडवर ठेवून वर टँकचंच एक थेंब पाणी. दहा सेकंदांचं काम, मासा परत पाण्यात. आणि मग भिंगातून तो दिसतो, मोठा गोल काळपट गोळा, जागच्या जागी सावकाश लोळतोय, कडेने केसांसारखे सिलिया लवलवतायत आणि मध्ये घोड्याच्या नालेच्या आकाराचं केंद्रक. एकदा बघितल्यावर परत कधी चुकत नाही. यासाठी फार मोठा मायक्रोस्कोप लागत नाही, शाळेतला चालतो, शंभरपट मोठं दिसलं की पुरे.

पांढरं दिसतं ते सगळं इच नसतं मात्र, आणि खरा घोळ इथेच होतो. तोंडाच्या कडेला किंवा पाठीवर खोगिरासारखा पांढुरका-करडा पट्टा दिसला, पंखांच्या कडा झडायला लागल्या, आणि मासे पटापट मरायला लागले तर तो बहुतेक कॉलम्नॅरिस, फ्लॅव्होबॅक्टेरियम नावाच्या बॅक्टेरियाचा. लोक याला फंगस म्हणतात, दुकानदारही फंगसचं औषध देतात. मायक्रोस्कोपखाली चारशेपट मोठं करून बघितलं तर लांब बारीक काड्या सरपटताना दिसतात आणि मधेमधे गवताच्या गंज्या लावाव्यात तशा एकत्र उभ्या राहतात. खरं फंगससारखं दिसणारं असतं ते सॅप्रोलेग्निया, त्याचे धागे लांब आणि मोकळे, आधीच्या जखमेवर किंवा मेलेल्या अंड्यांवर उगवतं, आणि शास्त्रज्ञ त्यालाही आता खरी बुरशी मानत नाहीत. या तिन्हींत भेद का करायचा, तर इच झाला की पाणी ३० अंशाला नेतात आणि बरं वाटतं, पण कॉलम्नॅरिसमध्ये हीटर वाढवला तर संध्याकाळपर्यंत टँक रिकामा. गरम पाण्यात तो बॅक्टेरिया जोरात वाढतो. गोव्यात तर एप्रिल-मे मध्ये पाणी आपोआपच तीस-एकतीसला असतं, म्हणून आपल्याकडे उन्हाळ्यात इच कमी आणि हे जास्त. इच येतो जुलै-ऑगस्टात, पाऊस धरला की, आणि चवथीच्या आधी लोक घर सजवायला नवीन मासे आणतात तेव्हा.

आता आमच्या शेजारच्या मामांच्या कोईची गोष्ट. घरासमोर सिमेंटची टाकी आहे, चांगले मोठे कोई, मामा त्यांना हाताने खाऊ घालतात. मासे घासायला लागले, अंगावर लाल ओरखडे, एक-दोन वर येऊन धापा टाकायला लागले. मामांना कोणी तरी सांगितलं इन्फेक्शन आहे, कॅप्सूल कुठून मिळाली ते मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. चार दिवसांनी मासे जास्तच आजारी. बघितलं तर अमोनिया चढलेला, आणि एका माशाचा कल्ला उचलून तिथला नमुना काढला तर डॅक्टिलोगायरस, गिल फ्लूक, टोकाला आकडे असलेला जंत, एका कल्ल्यात कितीतरी. जंताला टेट्रासायक्लिनचं काय सोयरसुतक. त्याला लागतं प्राझिक्वांटेल, माणसातल्या जंतांवरचंच औषध, आणि तेही दुसऱ्यांदा द्यावं लागतं कारण डॅक्टिलोगायरस अंडी घालतो आणि अंड्यांना औषध काही करत नाही. त्याचा चुलतभाऊ गायरोडॅक्टिलस अंडी घालत नाही, सरळ पिल्लू जन्माला घालतो, आणि भिंगाखाली आईच्या पोटातल्या पिल्लाचे आकडेसुद्धा दिसतात, हे बघायला मिळालं तर सोडू नका. मामांचे मासे वाचले, एक सोडून.

टाकीत औषध घातलं की अमोनिया का चढतो, तर फिल्टरच्या स्पंजमध्ये जे चांगले बॅक्टेरिया राहतात, माशांच्या घाणीतला अमोनिया खाऊन संपवणारे, त्यांना या औषधांचा कमी-जास्त फटका बसतो. मिथिलीन ब्लूनेही बसतो. म्हणून निळं औषध मेन टँकमध्ये नको, वेगळ्या टबात. तसं ते गुणाचं औषध आहे, अंड्यांवर बुरशी येऊ नये म्हणून चांगलं, आणि नायट्राइटने माशाचं रक्त तपकिरी पडतं तेव्हाही उपयोगी. माणसाला मेथहिमोग्लोबिनेमिया, म्हणजे असाच रक्ताचा बिघाड, झाला तर हॉस्पिटलमध्ये हेच शिरेतून देतात. पण इच, ड्रॉप्सी (अंग फुगणं), फिन रॉट (पंख झडणं) सगळ्यावर निळं हा जो आपला रिवाज आहे त्याला काही अर्थ नाही.

आणि गोव्याच्या पाण्याचं एक वेगळं प्रकरण आहे, ते बाहेरच्या व्हिडिओत कोणी सांगत नाही. आपलं पाणी मऊ. जांभ्या दगडातल्या विहिरीचं पाणी तर मऊ आणि वर किंचित आंबट, त्यात विरघळलेला चुना जवळजवळ नसतो. याचा फायदा एकच, टेट्रासायक्लिन कॅल्शियम-मॅग्नेशियमला चिकटून निकामी होतं तसं आपल्याकडे कमी होतं. तोटे मात्र बरेच. फिल्टरमधले बॅक्टेरिया अमोनिया खाताना पाण्यातली अल्कलिनिटी, म्हणजे आंबटपणा जिरवायची ताकद, वापरतात, ती संपली की पीएच एकदम कोसळतो, मासे कोपऱ्यात जाऊन बसतात आणि मालक म्हणतो रोग आला. माझा उपाय साधा आहे, तिसऱ्यांच्या शिंपल्या. रविवारचं सुकं झालं की शिंपल्या उकळून, घासून, वाळवून जाळीच्या पिशवीत घालून फिल्टरमध्ये ठेवायच्या, आंबट पाण्यात त्या सावकाश विरघळत राहतात आणि पीएच धरून ठेवतात. फुकटात.

दुसरा तोटा जास्त वाईट. सत्तरी, फोंडा, सांगे इकडे ज्यांचं कुळागर आहे त्यांच्या घरात मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट, असतंच, पोफळींवर पावसाळ्यात बोर्डो मारायला. आणि मोरचुदाने माशांचे परजीवी मरतात हेही खरं आहे, म्हणून चिमूटभर टाकीत टाकतात. समुद्री टँकमध्ये वेल्व्हेट नावाच्या परजीवी रोगावर तांबं वापरतातच, मोजून, रोज टेस्ट करून. पण मऊ पाण्यात तांबं माशालाच मारतं. अल्कलिनिटी लिटरला ५० मिलिग्रॅमच्या खाली असेल तर कॉपर सल्फेट वापरूच नये असा नियम आहे, आणि आपल्या विहिरी बहुतेक त्या खालीच. गोगलगायी आणि झिंगे तर कुठल्याही पाण्यात जातात. तेव्हा मोरचूद पोफळीवरच राहू दे.

फॉर्मेलिनचं नाव काढलं की गोवेकराच्या अंगावर काटा येतो, २०१८ च्या जुलैमध्ये मडगावच्या बाजारातल्या मासळीला फॉर्मेलिन लावल्याच्या संशयावरून जे रामायण झालं आणि सरकारने काही दिवस बाहेरची मासळीच बंद केली ते कोण विसरणार. तेच फॉर्मेलिन शोभेच्या माशांच्या परजीवींवर जुनं आणि खात्रीचं औषध आहे, मॅलॅकाइट ग्रीनबरोबर मिसळून बाटलीत मिळतं. पण ते पाण्यातला ऑक्सिजन खातं. तीस अंशाच्या पाण्यात मुळात ऑक्सिजन मावतोच लिटरला साडेसात मिलिग्रॅम, त्यात हे घातलं आणि वर आपल्याकडच्यासारखी लाईट गेली, एअर पंप बंद, की संपलं. मे महिन्यात रात्री फॉर्मेलिन घालून झोपू नका, एवढंच सांगणं. बाटलीच्या तळाला पांढरा साका दिसला तर ती बाटली फेकून द्या, तो जास्त विषारी असतो. मॅलॅकाइट ग्रीन खाण्याच्या माशांना वापरायला बंदी आहे, त्यामुळे ज्या तळ्यात शोभेचे आणि खाण्याचे एकत्र आहेत, म्हणजे कोईबरोबर दोन कालुंदरं सोडली आहेत कारण मुलाला आवडतात आणि नंतर आजोबांना आवडतात, तिथे तर मुळीच नको. हातमोजे घाला हे वेगळं सांगायला नको, पण सांगतो.

बाजारात मिळणाऱ्या छोट्या रंगीत बाटल्यांवर माझा राग आहे. जनरल टॉनिक, अँटी-फंगस, ऑल क्युअर असली नावं, आत काय आहे ते बऱ्याच वेळा छापलेलंच नसतं. मी औषधविक्या माणूस, मला घटक आणि प्रमाण न लिहिलेली बाटली हातात धरवत नाही.

मग घरात ठेवायचं काय? मीठ. आगरातलं खडं मीठ, रायबंदरच्या किंवा बाटीच्या मिठागरातलं मिळालं तर उत्तमच, फक्त त्यात माती असते म्हणून आधी वेगळ्या भांड्यात विरघळवून, गाळ बसू देऊन वरचं पाणी वापरायचं. लोक आयोडीनवालं मीठ नको म्हणून अडून बसतात, खरं तर पाकिटातल्या मिठात आयोडीन इतकं कमी असतं की दोन ग्रॅम लिटरला घातलं तर माशाला पत्ताही लागत नाही. प्रमाण लिटरला एक ते तीन ग्रॅम, शंभर लिटरला दोनशे ग्रॅम धरा, एका दमात नाही, चोवीस तासांत तीन-चार हप्त्यांत. कोरीडोरस, बिनखवल्याचे मासे आणि झाडं यांना मीठ सोसत नाही, त्यांना आधी बाजूला काढा.

मीठ चालतं का, तर याचं कारण मला फार आवडतं. गोड्या पाण्यातल्या माशाचं रक्त बाहेरच्या पाण्यापेक्षा खारट असतं, त्यामुळे बाहेरचं पाणी कल्ल्यांतून आणि कातडीतून सतत आत शिरत राहतं आणि माशाची किडनी ते दिवसरात्र पातळ लघवी करून बाहेर फेकत राहते. कातडीला जखम झाली, कल्ले खराब झाले की आत येणारं पाणी वाढतं आणि निम्मा जीव त्या पंपिंगमध्येच जातो. पाण्यात थोडं मीठ घातलं की हा फरक कमी होतो, किडनीला दम मिळतो, बुळबुळीत थरही वाढतो, आणि इचच्या पिल्लांना मीठ सोसत नाही ते वेगळंच. म्हणजे रोग काय आहे हे कळायच्या आधीही नुकसान न करता जे करता येतं ते हेच.

याच कारणामुळे पाण्यात टाकलेलं अँटिबायोटिक गोड्या पाण्यातल्या माशाच्या पोटात फारसं जात नाही. तो पाणी पितच नाही म्हणा ना. समुद्रातला मासा पितो, त्याला पाण्यातून दिलेलं औषध थोडं तरी पोचतं. तेव्हा आतलं इन्फेक्शन असेल, अंग फुगून खवले उभे राहिले असतील, डोळे बाहेर आले असतील, तर औषध खाण्यातून जायला हवं, ऑक्सिटेट्रासायक्लिन माशाच्या वजनाच्या किलोला साधारण ५५ ते ८३ मिलिग्रॅम रोज, दहा दिवस. आणि तोपर्यंत मासा खायचा बंद झालेला असतो. ड्रॉप्सी म्हणतात ते रोगाचं नाव नाही, किडनी बसल्याचं लक्षण आहे, मागे बऱ्याचदा एरोमोनास हा बॅक्टेरिया असतो, पण तो तर प्रत्येक टँकच्या पाण्यात असतोच, मासा आधी कशाने तरी खचला की मग तो चढतो. खवले उभे राहिलेले मासे क्वचितच वाचतात. मी तरी बाकीचे मासे वाचवायला बघतो. एरिथ्रोमायसिन घ्या म्हणून सांगणारे असतात, बॅक्टेरियांचे ग्राम पॉझिटिव्ह आणि ग्राम निगेटिव्ह असे दोन गट, ते मुख्यतः ग्राम पॉझिटिव्हवर चालतं आणि माशांचे बहुतेक रोगजंतू ग्राम निगेटिव्ह, तेव्हा तेही बाद.

व्हायरसवर तर काहीच नाही. कोई हर्पिस १९९८ मध्ये इस्रायल आणि अमेरिकेत सापडला, तेव्हापासून जगभर पसरलाय, त्याला औषध नाही, पाणी ३० च्या वर नेलं तर मरणं थांबतं पण वाचलेला मासा आयुष्यभर रोग वाहतो आणि नव्या माशाला देतो. बाहेरून कोई आणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

बदामाच्या पानांबद्दल विचारतात म्हणून सांगतो, आपल्याकडे रस्त्याच्या कडेला, किनाऱ्यावर देशी बदाम भरपूर आहेत आणि फायटर मासे पाळणारी मुलं लाल झालेली पानं गोळा करत फिरतात. पानात टॅनिन आहे, प्रयोगशाळेत त्याच्या अर्काने एरोमोनाससारखे बॅक्टेरिया दबलेले दिसलेत, पण अर्क वेगळा आणि टँकमध्ये तरंगणारं एक पान वेगळं. फायटरला छान वाटतं, पाणी चहाच्या रंगाचं होतं, ठीक आहे. आपल्या मऊ पाण्यात मुठीने घालू नका, पीएच खाली जातो. हळद पाण्यात विरघळत नाही, कल्ल्यात अडकते. कडुनिंबाचा अर्क जास्त झाला तर माशांना विषारी. घरचं आहे म्हणून निरुपद्रवी असं काही नसतं. बॅक्टेरिया खाणारे व्हायरस, म्हणजे फाज, एरोमोनासवर वापरून बघण्याचं काम बऱ्याच ठिकाणी चालू आहे, मला त्याची उत्सुकता आहे, पण दुकानात मिळेल तेव्हा खरं.

एवढं अँटिबायोटिकच्या मागे लागू नका म्हणतोय त्याचं अजून एक कारण. २००९ मध्ये ब्रिटनमध्ये बाहेरून आलेल्या शोभेच्या माशांतले आणि त्यांच्या पिशवीतल्या पाण्यातले बॅक्टेरिया तपासले होते, त्यातल्या एरोमोनासपैकी निम्मे पंधरा किंवा त्याहून जास्त अँटिबायोटिकना दाद देत नव्हते. मासे दुकानात यायच्या आधीच. नायट्रोफ्युरान, क्लोरॅम्फेनिकॉल ही औषधं आपल्या देशात खाण्याच्या कोळंबी-माशांत बंद आहेत, पण शोभेचा मासा कोणी खात नाही म्हणून त्याच्याकडे कोणाचं लक्ष नाही. आणि ते पाणी कुठे जातं? आपल्याकडे टँकचं पाणी बदललं की बादली माडाच्या आळ्यात. माडापासून विहीर किती लांब असते ते तुमचं तुम्ही बघा. औषध घातलेलं पाणी असेल तर आधी दिवसभर ॲक्टिव्हेटेड कार्बन फिरवा, मग उघड्या टबात उन्हात ठेवा, ब्लीचिंग पावडर टाकून रात्रभर राहू द्या आणि विहिरीपासून लांब ओता. व्हाळात नाही. मासाही व्हाळात नाही, कितीही जीव तुटला तरी.

आणि हात. काउंटरवर मी हे आवर्जून विचारतो, बोटावर किंवा मनगटावर गाठीसारखं काही आठवडे झाले तरी बरं न होणारं कोणी दाखवलं की, घरी टँक आहे काय? मायकोबॅक्टेरियम मरिनम, टीबीच्या कुळातला, १९२६ मध्ये फिलाडेल्फियाच्या अॅक्वेरियममधल्या मेलेल्या माशांत पहिल्यांदा सापडला. हाताला खरचटलेलं असताना टँकमध्ये हात घातला की दोनचार आठवड्यांनी गाठ येते, मलमांनी हलत नाही, क्लॅरिथ्रोमायसिनसारखी औषधं कित्येक महिने घ्यावी लागतात. डॉक्टरला टँकचं सांगितलं नाही तर त्यांच्या डोक्यात येणारच नाही, आणि लॅबला सांगावं लागतं कारण हा ३० अंशाच्या आसपास वाढतो, नेहमीच्या ३७ ला नीट उगवत नाही. टँकमधला मासा खात असूनही सुकत चाललाय, पाठ वाकलीय, तर हा असू शकतो, त्यावर उपचाराच्या भानगडीत पडू नका. जाळी, पाइप ७० टक्के अल्कोहोलने पुसा, क्लोरीनला हा सहज मरत नाही.

सगळ्यात स्वस्त औषध म्हणजे वेगळा टब. नवीन मासा मुंबईहून रात्रभर बसमधून पिशवीत बसून आलेला असतो, त्याला तीन-चार आठवडे वेगळं ठेवायचं, जुन्या टँकमध्ये मुरलेला एक स्पंज फिल्टर, झाकण, वेगळी जाळी. वीस-तीस लिटरचा कुठलाही स्वच्छ प्लास्टिकचा टब चालतो. लोक हजारो रुपयांचा फ्लॉवरहॉर्न मासा घेतात आणि दोनशे रुपयांच्या टबाला जागा नाही म्हणतात.

एवढं करूनही बॅक्टेरियाचंच आहे असं वाटलं तर पशुवैद्याकडे जा, मासे बघणारा शोधावा लागेल पण मिळतो, जुन्या गोव्याला एलाला आयसीएआरची, म्हणजे भारतीय कृषी संशोधन परिषदेची, संस्था आहे तिथेही विचारता येतं, आणि रिपोर्ट फिश डिसीज नावाचं सरकारी ॲप २०२३ मध्ये आलंय. जाताना आजारी पण जिवंत मासा त्याच्याच पाण्यात न्या, दुसऱ्या स्वच्छ बाटलीत टँकचं वेगळं पाणी. मेलेला असेल तर तास-दोन तासांत, पिशवीत घालून बर्फावर, फ्रीजरमध्ये नाही आणि पाण्यात बुडवूनही नाही, गोठला किंवा पाण्यात कुजला की त्यातून काही कळत नाही. कल्चर आणि सेन्सिटिव्हिटी होते का विचारा, म्हणजे कुठलं औषध लागू पडेल ते आधी कळतं. आणि आधी काय काय घालून बघितलंय ते सगळं सांगा, कॅप्सूलसुद्धा, कारण ती पाण्यात असेल तर लॅबच्या कल्चर प्लेटवर काही उगवतच नाही आणि रिपोर्ट कोरा येतो.